एक लाख एक

चेकवर सही रमजान तांबोळीची,
अक्षर मात्र सुमन घोडकेचं.
तिचा 'क' अजून तसाच, शेपूट मोडून बसलेला.
'रुपये एक लाख एक फक्त.'
फक्त!
रिक्षात बसवताना रमजान म्हणाला,
कोणी किती घातले ते विचारायचं नाही, बाई.

नाही विचारत.
आकड्याला विचारते.

रात्री साडेदहा, सहकारनगर,
वरच्या मजल्यावर कोणीतरी खाट सरकवतंय.
विजेच्या बिलाची मागची बाजू कोरी होती.

१,००,००१.
सरळ वाचा, उलट वाचा, तोच.
दोन टोकांना दोन एक, मधे चार शून्यं,
गणपतीच्या दिवसांतला आमचा रात्रीचा वर्ग जसा:
दाराशी एखादा, फळ्याशी मी,
आणि मधे नुसते बाक.

दोननं भाग जात नाही.
अंकांची बेरीजही दोनच, म्हणजे तीनची आशा नको.
पाच नाही. सातनं सहा उरतात.
मग अकरा:
एकाआड एक अंक मिळवले,
इकडे एक, तिकडे एक,
वजाबाकी शून्य.
गेला भाग, निःशेष.

अकरा गुणिले नऊ हजार एक्याण्णव.

हा एक्याण्णववाला तरी फुटतो का बघू म्हणून
एकोणनव्वदपर्यंतच्या चोवीस मूळ संख्या
एकेक करून लावल्या.
चहा निवला.
एकसष्टनं फसवलंच होतं, दोन उरले.
एकाहत्तरनं तीन.
एकोणनव्वदनं तेरा, आणि तिथं थांबले,
सत्त्याण्णवचा वर्ग त्याच्या पलीकडे जातो.
फुटत नाही तो.

म्हणजे सगळ्यांनी सारखे घातले असतील
तर देणारा एकच,
नाहीतर अकरा,
नाहीतर नऊ हजार एक्याण्णव,
नाहीतर एक लाख एक जण, रुपया रुपया.
रमजान एकट्यानं देणार नाही, टेम्पोचे हप्ते चालू आहेत त्याचे.
नऊ हजार मी जन्मात शिकवले नाहीत.

अकरा.

शहाऐंशीची दहावी, नारायण पेठेतली रात्रशाळा.
अकराच होते.
मंडईत पोती उचलून आलेला धोंडिबा पहिल्या तासाला झोपायचा,
त्याला मी उठवत नसे.
आणि शेवटच्या बाकावर मोतीराम कुडले,
दिवसभर अप्पा बळवंत चौकात पुस्तकं शिवणारा.
बोटांना खळ. वहीची पानं एकमेकांना चिकटलेली.
भागाकार तपासायचा तर आधी सुरीनं पानं सोडवावी लागत.

मोतीराम जाऊन एकोणीस वर्षं झाली. कावीळ.

म्हणजे दहा.
दहानं भागून पाहिलं:
दहा हजार, बाकी एक.

आता बसा.

दहा जणांनी दहा दहा हजार काढले
आणि वर रीतीचा एक रुपया ठेवला,
आहेराचा आकडा गोल असू नये म्हणून.
सरळ आहे. कोणीही हेच म्हणेल.
किंवा वाटे अकरा पडले
आणि मोतीरामचा वाटा कोणीतरी भरला.
दोन्ही रीती बरोबर, दोन्हींचा ताळा जमतो.
परीक्षेत असा प्रश्न आला असता
तर मी तो रद्द करायला लावला असता.

सत्काराला दहाच जण होते, मी मोजले.
खुर्च्या अकरा होत्या,
पण अकरावीवर सुमनची पिशवी होती,
आणि पिशवीला खुर्ची लागतेच की.

मोतीरामनं एकदा विचारलं होतं,
बाई, बाकी उरली तर ती लिहायची कुठं?
बाजूला लिही, म्हटलं.
आणि मग तिचं काय होतं?
तास संपला होता. लक्ष्मी रोडवरून शेवटची बस जायची वेळ,
मी फळा पुसत होते.
उद्या सांगते, म्हटलं.

चेक तीन महिने चालतो.
अजून भरलेला नाही.